शिवम्माअक्काची पारख

लोह्याहून कंधारकडे निघालं की डाव्या हाताला वैजनाथचं गाव लागतं. चार एकर कोरडवाहू, एक विहीर आणि बैलांची पारख, एवढी त्याची इस्टेट. यातली तिसरी त्याला बापाकडून मिळाली. माळेगावच्या जत्रेत तो बैलाच्या तोंडाला हातसुद्धा लावत नाही. दहा पावलं लांब उभा राहतो, "जरा चालवून दाखवा," म्हणतो, आणि बैल चार पावलं चालला की दात किती, खांदा कसा, आधीच्या मालकानं नांगराला जुंपला की गाडीला, सगळं सांगून मोकळा होतो. लोक आपल्या खर्चानं त्याला जत्रेला नेतात. आता एवढा नावाजलेला माणूस म्हटल्यावर थोडी मिजास असायचीच. थोडी कसली, चांगली घसघशीत होती.

त्याची पोरगी दीपाली नांदेडला कॉलेजात. हिला नाद लागला सायकलच्या शर्यतीचा, आणि तोही साध्या रस्त्यावरच्या नाही, ट्रॅकवरच्या. पुण्याला सिमेंटचा गोल ट्रॅक आहे, त्याच्या कडा वळणावर अशा उभ्या की खाली उभं राहून बघणाऱ्याला भिंतच वाटावी. त्या ट्रॅकवरच्या सायकलीला ब्रेक नसतो. फ्रीव्हीलही नसतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पाय थांबवावे म्हटलं तरी थांबत नाहीत. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर द्यायचा. म्हणजे मागचं चाक किंवा पायडलची क्रँक, म्हणजे पायडल जिला बसतं तो दांडा, ऐन वेगात दगा देऊन गेली, तर पोरगी सरळ सिमेंटवर. मागच्या वर्षी वैजनाथनं तिथं एका पोराला पडताना पाहिलं होतं. त्या पोराच्या खांद्याचं हाड कातडीखाली कसं उचललं गेलं होतं, ते त्याच्या डोळ्यांपुढून अजून जात नव्हतं.

यंदा राज्याच्या संघाची निवड होती, रविवारी. पहिल्या चौघी संघात. मागच्या वर्षी उसनी आणलेली सायकल आता मिळणार नव्हती. कॉलेजच्या सरांनी खटपट करून सांगाडा आणि पुढचं चाक मिळवून दिलं होतं. राहिला मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, आणि क्रँक. नवं परदेशी सामान वैजनाथच्या आवाक्याबाहेरचं. सर म्हणाले, "जुनं घ्या, लातूरला भरतकडे मिळेल. पण उदगीरच्या शिवम्माअक्काला दाखवल्याशिवाय घेऊ नका."

"बाईमाणूस?" वैजनाथ म्हणाला. "सायकल पारखणार?"

"जाऊन तर बघा," सर म्हणाले.

उदगीर स्टेशनाजवळ एका कडुनिंबाखाली तिचं दुकान. पंक्चरसाठी पाण्याचं घमेलं, भिंतीवर टांगलेली चाकं, आणि गोणपाटावर मांडी घालून बसलेली पंचावन्नएक वर्षांची बाई. कपाळावर विभूती, हातात पान्हा. मराठी बोलता बोलता मधूनच कानडीत शिरायची आणि तिच्या ते ध्यानातही यायचं नाही. तिचे वडील माणिकप्पा तासावर भाड्यानं सायकली द्यायचे. त्यांना मुलगा नव्हता म्हणून दुकान पोरीकडे आलं, असं गावात लोक सांगतात. साफ खोटं आहे ते. चार मुलगे असते तरी दुकान तिच्याकडेच आलं असतं, कारण वाकडं चाक सरळ करायला तिच्यासारखं अख्ख्या उदगिरात कुणाला जमत नव्हतं. बाराव्या वर्षी ती चाक फिरवून नुसत्या सावलीवरून सांगायची, कुठला स्पोक ढिला आहे ते.

लग्न झालं मन्मथअप्पांशी. ते अडतीवर मापाडी. दुपारी भाकरीचा डबा तेच दुकानात आणून देत. सुरुवातीला लोक तोंडावर हसले, "बायको पंक्चर काढते अन् नवरा डबा आणतो!" मन्मथअप्पा शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरी डबाबी तीच करते, पाणीबी तीच भरते अन् शिव्याबी तीच खाते. माझं बरं चाललंय." पुढं तासावरच्या सायकली गेल्या, मोटारसायकली आल्या, शेजारची सायकलची दुकानं एकेक करून मोबाइलची झाली. शिवम्मा राहिली. मग नवी शर्यतीवाली पोरं आली, लातूरची, नांदेडची, बीदर-भालकीची. कुणी जुनं सामान आणलं की आधी अक्काच्या हातात द्यायचं. तिनं मान हलवली की बसवायचं, नाहीतर भंगारात. आणि गंमत अशी की या बाईनं ट्रॅक जन्मात पाहिला नव्हता.

वैजनाथ पोरीला घेऊन दुकानात गेला. दीपालीनं अक्काला फोनवर शर्यत दाखवली तेव्हा ती दोनदा म्हणाली, "अय्यो देवा, अय्यो देवा." मग तिसऱ्यांदा लावायला सांगितली आणि विचारलं, "वरनं खाली येताना सगळा भार मागच्या चाकावर येतो का गं?" दीपाली चमकली. तिच्या सरांनी हेच तिला शिकवायला दोन महिने घेतले होते.

मंगळवारी वैजनाथ आणि शिवम्मा एसटीनं लातूरला गेले. भरत हा स्वतः जुना शर्यतवाला. घरामागच्या खोलीत त्याचं सामान, पुण्या-मुंबईच्या शर्यतवाल्यांकडून गोळा केलेलं. सरळ माणूस, पण आपल्या मालाचा अभिमान जबरा. त्यानं सगळ्यात चकचकीत सामान पुढं मांडलं. शिवम्मानं ते हातानं बाजूला सारलं.

"हे कामून घासलं एवढं?" तिनं विचारलं. "घासलं म्हंजे कायतरी पुसलं."

वैजनाथला मनातल्या मनात हसू आलं. जत्रेत शिंगांना तेल लावून आणलेला बैल तोही असाच मागं सारायचा. बाईत दम आहे, असं त्याला पहिल्यांदा तिथं वाटलं.

मग तिनं जे केलं ते तो बघतच राहिला. साखळी आडवी धरली, ती मधे लोंबली, ठेवून दिली. चेनव्हीलच्या दातांवरून अंगठा फिरवला. दात एका अंगाला झुकलेले, तेही बाद. तीन हब हातात घेतले आणि तिन्ही वेळा डोळे मिटून, दोन बोटांच्या चिमटीत आस धरून हळूहळू फिरवला. पहिल्याला म्हणाली, "आत वाळू हाय." दुसऱ्याला म्हणाली, "एक छर्रा फुटलाय." भरतनं तिथंच दुसरा खोलला. खरंच एक छर्रा फुटलेला. भरतनं जीभ चावली.

तिसरा हब एका जुन्या, वाकड्या चाकात अजून बसलेलाच होता. त्याचे आटे तिनं नखानं बघितले. ट्रॅकच्या हबला उलट्या आट्यांची एक चकती असते, पाय उलटा रेटला तरी मागचं दातेरी चाक तीच सुटू देत नाही. ते आटे झिजले की खेळ खलास. शिवम्मानं पिशवीतून कोरी चकती काढली आणि पान्हा न लावता, नुसत्या बोटांनी फिरवत शेवटपर्यंत नेली. कुठं अडली नाही, कुठं ढिली पडली नाही. तिचा चेहरा खुलला.

"काय आटे हायेत!" ती म्हणाली. "असले आटे माझ्या बापाच्या वेळंला बघितले व्हते. हा घ्या, अण्णा. डोळे झाकून घ्या."

क्रँकही तिनं निवडली. नाण्यानं टिचकी मारून आवाज ऐकला, उन्हात धरून बघितली. मग म्हणाली, "ही मी उदगीरला नेते. तिथं तपासते, मग पक्कं सांगते."

भरतला ते लागलं. "अक्का, ही मी स्वतः तीन वर्षं चालवलेली हाय. एकदाबी पडलेली न्हाई." तिनं नुसतं "हाव, पण तपासते," म्हटलं. तेव्हा त्यानं काय करावं? कोनाड्यात खंडोबाची तसबीर होती, तिच्यापुढच्या वाटीतला भंडारा चिमटीत घेऊन तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "मल्हाराची आण. माझ्या माहितीत यात खोट न्हाई."

झालं! वैजनाथनं डोक्यावरची टोपी काढली. माळेगावच्या जत्रेत एकदा भंडारा उचलला की पुढं बोलणं नाही. उचलल्यावर जो शंका घेतो त्याचीच बदनामी. वैजनाथ पुढं झाला, खांद्यावरचा टॉवेल भरतच्या हातावर टाकला आणि त्याखाली बोटं दाबून सौदा करू लागला, जसा बैलाचा करतात. भरतला वाटलं पाहुण्यांनी हात पुसायला टॉवेल दिला. त्यानं मनोभावे हात पुसले. शिवम्मा पदर तोंडाला लावून हसली. शेवटी सौदा तोंडानंच झाला, हब आणि क्रँक दोन्हींचा, आणि वैजनाथनं भंडारा कपाळाला लावून घेतला.

बुधवारी दीपाली सांगाडा घेऊन उदगीरला आली. शुक्रवारची रेल्वे धरायची होती, हातात दोन दिवस. शिवम्मानं क्रँक गोणपाटावर ठेवली आणि म्हणाली, "पोरी, ती डिझेलची बाटली घे अन् खडूची डबी दे."

"हे कशाला, अक्का?" दीपालीनं विचारलं.

"तडा बघायला. डिझेल लावायचं, जरा वेळ मुरू द्यायचं, मग कोरडं पुसायचं अन् वर खडूची पूड टाकायची. कुठं केसाएवढा जरी तडा असला तर आत मुरलेलं डिझेल खडूतनं वर येतं, रेघ दिसते. माझा बाप रॉकेलनं करायचा. आता रॉकेल कुठं मिळतंय?"

"क्रँकला न्हाई लावायचं," वैजनाथ म्हणाला.

शिवम्मानं वर बघितलं.

"भंडारा उचलून दिलेली वस्तू हाय. आता तपासायची म्हंजे देवाची परीक्षा घ्यायची. माझ्या सात पिढ्यांत कुणी घेतली न्हाई."

"अण्णा, मल्हार आमच्याबी घरचा हाय. आमी मैलार म्हणतो. मी त्याची परीक्षा घेऊन राहिले का? भरतनं शपथ घेतली त्याच्या माहितीची. ह्या धातूनं कुठं शपथ घेतली?"

बोलणं बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच वैजनाथचा पारा चढला. एकीकडे पोरगी, दुसरीकडे कुळदैवत. आणि मधे ही बाई खडू घेऊन बसलेली. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत तो कडाडला, "तुमी निवडलेल्या हबला कुठं खडू लावला? डोळे झाकून घ्या म्हन्लात! म्हंजे तुमचा शब्द खरा अन् मल्हाराचा खोटा?"

दीपाली म्हणाली, "बाबा!" पण बाण सुटून गेला होता. शिवम्मानं हातातला खडू खाली ठेवला. ती चिडेल, उठून जायला सांगेल, असं सगळ्यांना वाटलं. तिनं तो हब बसलेलं वाकडं चाक जवळ ओढलं.

"बरोबर बोलला तुमी," ती म्हणाली. "हबला मी आजवर कधीच खडू लावला न्हाई. कानानं अन् नखानं बघते."

तिनं चाक मांडीवर घेतलं आणि एकेक करून छत्तीसच्या छत्तीस स्पोक काढले. हब मोकळा झाला. धुतला, पुसला, डिझेल लावलं, मुरायला ठेवला. मग कोरडा केला आणि दोन्ही कडांवर खडूची पूड टाकली, जिथं स्पोकची भोकं असतात तिथं. एका बाजूला काही नाही. दुसऱ्या बाजूलाही आधी काही नाही. मग दीपालीनंच बोट दाखवलं. दोन भोकांच्या मधे पांढऱ्यावर काळपट ओलसर रेघ हळूहळू उमटत होती, आणि तिच्या पुढच्या दोन भोकांमधे दुसरी.

आता कुणीही म्हटलं असतं की बाई, स्पोक बसवलेले होते, त्यांच्या डोक्यांखाली झाकलेला तडा लातुरात बसून कुणाला दिसला असता? मन्मथअप्पा डबा घेऊन आले होते, ते हेच म्हणाले. शिवम्मानं ऐकून घेतलं नाही. हब उचलला आणि त्या दोन गिऱ्हाइकांपुढं धरला. "बगा. मी पास केलेला हब. आटे बघून भाळले मी. पोरगी हाडं मोडून घेतली असती माझ्या शब्दावर."

वैजनाथ भांडण जिंकला होता आणि त्याची पाचावर धारण बसली होती. त्या उभ्या कडेवरून खाली येणारी दीपाली त्याला दिसली. त्यानं क्रँक स्वतःच्या हातानं उचलून शिवम्मापुढं ठेवली. "हिलाबी लावा," तो म्हणाला. क्रँकला डिझेल लागलं, मुरलं, पुसलं, खडू पडला. दहा मिनिटं सहाही माणसं त्या क्रँकवर डोळे लावून बसली. खडू पांढराशुभ्र राहिला.

"मल्हारानं लाज राखली, अण्णा," शिवम्मा हात जोडून म्हणाली. "माझी मातर गेली."

आता हब नाही. बुधवार दुपार. भरतच्या खोलीतले दोन्ही हब बाद झालेले. मन्मथअप्पा म्हणाले, "आधी पोरीसाठी कुठं हब मिळतो का बघ." शिवम्मा उठली ती भिंतीकडे गेली. भिंतीवर रंगानं फोन नंबर लिहिलेले होते, ज्यांना ज्यांना तिनं असले जुने हब पास करून दिले होते त्यांचे. अकरा नंबर.

"न्हाई. आधी हे," ती म्हणाली. "ही पोर त्या हबवर अजून बसली न्हाई. हे अकरा जण बसून राहिलेत."

वैजनाथला पहिल्यांदा रागच आला. पोरीचे दोन दिवस चाललेत आणि बाई भिंत वाचत बसली! पण ती फोन लावू लागली आणि तो तिथंच बसून ऐकू लागला. एकच वाक्य ती प्रत्येकाला सांगत होती. "मी उदगीरची शिवम्मा बोलते. तुमचा हब मी पास केला व्हता ना, ती माझी पारख कच्ची व्हती. चालवू नका, चाक घेऊन या." ना आडपडदा, ना सारवासारव. एकानं फोनवरच तिला फैलावर घेतलं, आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. ती म्हणाली, "हाव, बरोबर हाय तुमचं. पण चालवू नका." चाळीस वर्षांत कमावलेलं नाव ही बाई स्वतःच्या हातानं, स्वतःच्या फोनवरून अकरा ठिकाणी उतरवत होती.

वैजनाथला तेव्हा कंधारचा एक माणूस आठवला. त्याला यानं एक बैल निवडून दिला होता, छातीठोकपणे. बैल दोन महिन्यांत लंगडला. वैजनाथ म्हणाला होता, तुझं नशीब. त्या माणसाला त्यानं पुन्हा कधी तोंड दाखवलं नव्हतं. हे आठवून त्याला स्वतःची शरम वाटली, सरळ शरम, आणि तो उठून कडुनिंबाच्या बुंध्याआड जाऊन उभा राहिला. खरं सांगायचं तर त्या माणसाला त्यानं अजून फोन केलेला नाही. नंबर मात्र शोधून ठेवला आहे.

गुरुवारी सकाळपासून चाकं येऊ लागली. वैजनाथ आणि दीपालीचा मुक्काम शिवम्माच्याच घरी होता, तेही कामाला लागले. वैजनाथ खडू कुटत होता, दीपाली स्पोक काढत होती. भालकीचा एक पोरगा मोटारसायकलवर पाठीला चाक बांधून आला. त्याच्या हबला खडू लावला तर नेमकी तशीच रेघ, तिथंच. तो म्हणाला, "अक्का, मी रोज सकाळी उतारावरून जातो यावर," आणि तिथंच पायरीवर बसला. शिवम्मानं त्याला पाणी दिलं. पदरानं डोळे पुसले आणि पुढचं चाक घेतलं.

फोनवर ज्यानं तिला फैलावर घेतलं होतं, तो दुपारी आला. त्याचं नाव मारोती, नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात कारकून. एसटीत चाक मांडीवर घेऊन साडेतीन तास बसून आला होता, त्यामुळे राग अजून ताजा होता. "एकवीस वेळा लोकांनी विचारलं, सायकल कुठंय म्हणून," तो म्हणाला. त्याच्या हबला खडू लावला. सगळे वाट बघत बसले. रेघ आली नाही. शिवम्मानं पुन्हा धुतला, पुन्हा लावला. आली नाही. आटे बघितले, छर्रे बघितले, आस डोळे मिटून फिरवला. हब निर्मळ होता.

"तुमचा चांगला हाय," ती म्हणाली. "मी तुमाला उगीच तरास दिला. माफ करा."

मारोतीनं मोकळा झालेला हब हातात घेतला. पायरीवर बसलेल्या भालकीच्या पोराकडे बघितलं, त्याच्या तडकलेल्या हबकडे बघितलं. मग दीपालीला विचारलं, "तू कोण गं? तुझं चाक कुठंय?" दीपालीनं सांगितलं. रविवार म्हणजे हाच येणारा का, असं त्यानं विचारलं, आणि हब शिवम्माच्या हातात परत दिला.

"हिच्या चाकात बसवा," तो म्हणाला. "मी काय, ह्याच्यावर ऑफिसला जातो. शर्यतीचं घोडं भाजी आणायला नेल्यासारखं हाय ते. वापरून झाला की द्या. न्हाई दिला तरी चालंल."

वैजनाथनं मारोतीचा हात दोन्ही हातांत धरला, टॉवेलबिवेल न टाकता. मारोती म्हणाला, "माझा न्हाई, ह्या बाईचा धरा. नसतं सांगितलं तर कुणाला कळणार व्हतं?"

शिवम्मानं संध्याकाळपर्यंत चाक बांधलं. एकेक स्पोक ओढताना ती मधेमधे नखानं तो छेडायची आणि मान कलती करून ऐकायची. दीपाली शेजारी बसून बघत होती. चाक सांगाड्यात बसलं, शिवम्मानं ते फिरवलं, आणि ते एवढा वेळ फिरत राहिलं की मन्मथअप्पा म्हणाले, "आता थांबव बाई, भाकरी गार झाली."

शुक्रवारी जुन्या गोधडीत गुंडाळलेली सायकल घेऊन बापलेक रेल्वेत बसले. शिवम्मा स्टेशनावर आली नाही. अजून तीन चाकं यायची होती.

रविवारी पुण्याला वैजनाथ ट्रॅकच्या कठड्याला धरून उभा होता. आजवर माणसांत, जनावरांत, जत्रेत तो कधी घाबरला नव्हता. आज त्याला कठडा सोडवत नव्हता. दीपाली वर कडेला गेली. खाली यायला वळली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. कान मात्र मिटता येत नाहीत. त्याला टायरांची सूं सूं ऐकू आली, कडकन काही मोडल्याचा आवाज काही आला नाही. डोळे उघडले तेव्हा पोरगी दुसऱ्या वळणावर होती आणि दोघींना मागं टाकून चालली होती. शेवटी ती तिसरी आली. संघात. वैजनाथ भर मैदानात, अनोळखी लोकांत, लहान पोरासारखा रडला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

दीपालीनं घामेजल्या हातानं पहिला फोन उदगीरला लावला आणि आवाज मोठा केला, बापाला ऐकू यावा म्हणून.

"अक्का, मी दीपाली. झाली शर्यत."

"चाक कसं व्हतं?" पलीकडून पहिला प्रश्न आला. कितवी आलीस, निवडली का, काही नाही.

दीपालीनं आठवून बघितलं. "अक्का, खरं सांगू? चाकाची मला यादच आली न्हाई."

पलीकडून दुकानातला आवाज येत होता, कुणीतरी हवा भरत होतं. मग शिवम्मानं नाक ओढल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

"मग झालं," ती म्हणाली. "आता नीट गुंडाळून आण. आलीस की पुन्ना स्पोक काढू अन् पुन्ना खडू लावू."